स्प्रिंग नसलेली बंदूक

१. या मालिकेत आपण गडकोट पाहिले, तह पाहिले, नाणी आणि शिलालेख पाहिले. आजचा धागा मात्र एका सामान्य वस्तूविषयी आहे. गेल्या दिवाळीत घराची साफसफाई करताना माळ्यावरून जुन्या धोतरात गुंडाळलेली एक लांब वस्तू निघाली. ती आजोबांची छऱ्यांची बंदूक होती. मी इतिहासाची विद्यार्थिनी असल्याने घरात काहीही जुने सापडले की ते माझ्या स्वाधीन होते. तशी ही बंदूकही झाली.

२. नळीच्या मागच्या भागावर तीन अक्षरे कोरलेली होती : आय.एच.पी. शोध घेतल्यावर उलगडा झाला तो गमतीदार. ही अक्षरे इंडियन ह्यूम पाइप या मुंबईच्या कंपनीची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये उभी केलेली ही कंपनी सिमेंटचे नळ करण्यासाठी प्रसिद्ध. त्याच कंपनीने कधीकाळी एअर रायफलही बनवली, आणि ती जर्मनीच्या ‘डायना ३५’ या रायफलीच्या धाटणीची होती. सांगली जिल्ह्यातील एका माळ्यावर जर्मन आराखडा कसा पोहोचला, हा प्रश्न मला स्वस्थ बसू देईना.

३. आमच्या गल्लीत लेथवर काम करणारे एक निवृत्त काका आहेत. बंदूक घेऊन त्यांच्याकडे गेले. नळी मोडून पाहिली तर काहीच जोर लागला नाही. दाराची कडी काढावी तशी ती सहज खाली आली. काकांनी बंदूक व्हाइसमध्ये धरली, दोन पिना काढल्या, मागचा ठोकळा बाहेर ओढला आणि आत डोकावून म्हणाले, “अगं, ह्यात स्प्रिंगच नाही. तुटलेली नाही. कुणीतरी नीट उघडून काढून घेतलीय.” स्प्रिंग कोणी काढली आणि का, ते शेवटी सांगते. त्याआधी या साध्या यंत्राचा इतिहास समजून घ्यायला हवा.

४. हवेवर चालणारी बंदूक म्हणजे पोरांचे खेळणे, अशी आपली समजूत असते. पण सुमारे १७८० मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने हवेवर चालणारी रायफल स्वीकारली होती. टायरॉल प्रांतातून आलेल्या बार्तोलोमेओ जिरार्डोनी या कारागिराने ती घडवली. इतर सैनिक प्रत्येक गोळीमागे दारू ठासत असताना या रायफलीच्या नळीशेजारच्या कोठीत वीसेक गोळ्या एकापाठोपाठ तयार असत. धूर नाही, ठिणगी नाही, पावसाने दारू भिजण्याचे भय नाही. दस्त्याच्या जागी लोखंडी हवापात्र बसवलेले असे आणि त्यात दाबून भरलेली हवा हीच तिची दारू.

५. एवढे गुण असूनही १८१५ च्या सुमारास ही रायफल सैन्यातून बाद झाली. हवापात्र भरायला हातपंपाचे सुमारे दीड हजार ठोके मारावे लागत. पात्राचे सांधे आणि चामड्याची झडप जराशी सैल झाली की हवा निसटे. सैनिक ती दुरुस्त करू शकत नसे. त्यासाठी खास शिकवलेला कारागीर लागे आणि रणांगणावर असे कारागीर मोजकेच असत. रायफल उत्तम होती, पण तिचे मर्म ती वापरणाऱ्याच्या हाती नव्हते.

६. या बंदुकीचे एक प्रसिद्ध उत्तरायुष्य अमेरिकेत आढळते. १८०३ ते १८०६ या काळात मेरीवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम खंड ओलांडून पॅसिफिक महासागरापर्यंत गेली. त्यांच्याजवळ एक हवेची रायफल होती. ती जिरार्डोनी पद्धतीची होती असे अनेक अभ्यासक मानतात. वाटेतल्या मूलनिवासी जमातींसमोर लुईस ती चालवून दाखवी. आवाज कमी, धूर नाही, आणि तरी गोळ्या सुटतच आहेत, हे दृश्य पाहणाऱ्यांना चकित करी. पण लुईसच्या रोजनिशीतील ३० ऑगस्ट १८०३ ची नोंद वेगळी आहे. बंदूक पाहायला घेतलेल्या एका पाहुण्याच्या हातून गोळी सुटली आणि सुमारे चाळीस यार्डांवरील एका स्त्रीच्या कानशिलाला चाटून गेली. ती वाचली. या मोहिमेच्या रोजनिशीचा आरंभच एअरगनच्या अपघाताने होतो, हे मला विसरता येत नाही.

७. आता दुसऱ्या घराण्याकडे वळू. जिरार्डोनीत हवा आधी भरून ठेवावी लागे. स्प्रिंगच्या बंदुकीत ती आधी भरलेलीच नसते. नळी बिजागरीवर मोडली की एक दांडा दट्ट्याला मागे ढकलतो आणि दट्ट्यामागची जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो, त्याच्यासमोरची हवा क्षणार्धात दाबली जाऊन तापते आणि एका बारीक छिद्रातून छऱ्यामागे घुसते. दट्ट्या, स्प्रिंग, चामड्याचा वायसर, चाप आणि नळी : मुख्य भाग एवढेच. पंप नको, झडप नको. सायकल दुरुस्त करणाऱ्या माणसाला तिचे अंतरंग एका दुपारी समजते.

८. याच साधेपणामुळे ही बंदूक बंदुका बनवणाऱ्यांच्या हातून निसटून इतरांच्या कारखान्यांत शिरली. अमेरिकेतील हर्किमर गावी हेन्री क्वाकेनबुश यांनी १८७० च्या दशकात नेमबाजीच्या गॅलऱ्यांसाठी आणि घरगुती करमणुकीसाठी एअरगन बनवायला सुरुवात केली. मिशिगनमधील प्लिमथ गावची एक कंपनी तर पवनचक्क्या विकत असे. १८८८ मध्ये तिने पवनचक्की घेणाऱ्या शेतकऱ्याला धातूची छोटी एअरगन भेट द्यायला आरंभ केला. थोड्याच काळात भेटवस्तूला पवनचक्कीपेक्षा जास्त मागणी आली आणि १८९५ मध्ये कंपनीने आपले नावच बदलून ‘डेझी’ केले. नळ करणाऱ्या मुंबईच्या कंपनीने बंदूक करावी यात आता मला नवल वाटत नाही. ज्याला नळकांडे नीट कातता येते, त्याला ही बंदूक करता येते.

९. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे बंदूककार लिंकन जेफरीज यांच्या आराखड्यावरून बीएसए कंपनीने १९०५ पासून एअर रायफली बनवल्या. नुकतेच बोअर युद्ध संपले होते आणि आपल्या तरुणांना नेम धरता येत नाही, ही चिंता ब्रिटिश समाजाला लागली होती. मिडलँड्सच्या पबांमधून एअर रायफलींचे संघ उभे राहिले. लोखंडी पाटीला एक लहान छिद्र, त्यामागे घंटा. छरा अचूक छिद्रातून गेला की घंटा वाजे. दिवसभर कारखान्यात यंत्रांशी झुंजलेली माणसे संध्याकाळी या घंटेसाठी जमत. त्यांच्यापैकी अनेकांना लेथ आणि कानस चालवता येत होती. बंदूक बिघडली तर ती ते स्वतःच सुधारत.

१०. जर्मनीतील डायना कंपनी १८९० ची. तिचा कारखाना रास्टाट गावी होता. दुसऱ्या महायुद्धानंतर तिची यंत्रसामग्री आणि ‘डायना’ हे नाव युद्धाची भरपाई म्हणून ब्रिटनला गेले, आणि स्कॉटलंडमधील मिलब्रो कंपनी त्या नावाने बंदुका विकू लागली. काही वर्षांनी जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला, तेव्हा ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचेच नाव वापरता येईना. त्याच्या बंदुका तिथे ‘ओरिजिनल’ या नावाने विकल्या गेल्या. १९८० च्या दशकात नाव मूळ घरी परतले. यंत्रे देश बदलतात, नाव बदलते, आराखडा मात्र तग धरतो. कारण तो एवढा सुटसुटीत आहे की नमुना समोर ठेवून दुसऱ्याला तो पुन्हा घडवता येतो. आमच्या माळ्यावरची बंदूक याच प्रवासातली एक.

११. आता मूळ प्रश्न. बाजारात कितीतरी अचूक आणि आरामदायी बंदुका असताना जगभरचे हौशी लोक या साध्या बंदुकांना का चिकटून राहतात? मला सापडलेले उत्तर असे : ही बंदूक आपल्याला तिच्या आत येऊ देते. चामड्याचा वायसर तेलात मुरवावा, स्प्रिंगची टोके घासून सपाट करावी, दस्ता आपल्या खांद्याच्या मापाने तासावा, आणि प्रत्येक बदलाचा परिणाम पुढच्याच छऱ्यात दिसावा. अमेरिकेत क्रॉसमन कंपनीचे १९७७ चे ‘१३७७’ हे पंपाचे पिस्तूल याच कारणाने लाडके झाले. त्याचे काही सुटे भाग त्याच कंपनीच्या दुसऱ्या पिस्तुलाला जुळतात. मूठ काढून दस्ता लावला की पिस्तुलाची छोटी रायफल होते. वस्तू विकत घेतली की ती पूर्ण झाली, असे हे लोक मानतच नाहीत.

१२. या हौसेतून खरे विज्ञानही घडले. १९७० च्या दशकात इंग्लंडमधील कार्ड्यू पितापुत्रांनी प्रश्न विचारला : स्प्रिंगच्या बंदुकीत छऱ्याला मिळणारी सगळी शक्ती केवळ स्प्रिंगचीच असते काय? दबलेली हवा इतकी तापते, तर आतल्या तेलाचा अंश जळत तर नसेल? त्यांनी जर्मन बनावटीची एक एचडब्ल्यू ३५ रायफल नायट्रोजनने भरलेल्या आवरणात ठेवून चालवली, कारण नायट्रोजनमध्ये ज्वलन होत नाही. छऱ्याचा वेग लक्षणीय घटला. म्हणजे नेहमीच्या हवेत तेल खरोखर जळत होते आणि छऱ्याला जास्तीचा रेटा देत होते. हा शोध दोन चौकस माणसांनी हौसेने लावला, आणि यंत्र साधे असल्यामुळेच तो त्यांच्या आवाक्यात आला.

१३. कायद्यानेही या कलेला अनपेक्षित वळण दिले. ब्रिटनमध्ये १९६९ च्या नियमांनी परवान्याशिवाय ठेवता येणाऱ्या एअर रायफलीच्या शक्तीवर सुमारे १६ ज्यूलची मर्यादा घातली. जर्मनीत ती ७.५ ज्यूल आहे. शक्ती वाढवण्याची वाट बंद झाली, तेव्हा कारागिरी आत वळली. धक्का कमी कसा होईल, स्प्रिंगची झणझण कशी थांबेल, प्रत्येक छऱ्याचा वेग सारखा कसा राहील, याचा ध्यास सुरू झाला. १९८० मध्ये इंग्लंडमध्ये ‘फील्ड टार्गेट’ हा खेळ जन्मला. त्यात धातूचे लक्ष्य पाडायचे असते, सजीव नव्हे. सीमा आखल्या की कसब मरते असे नाही. कधीकधी ते तिथेच सुरू होते.

१४. आपल्याकडे या बंदुकीची पहिली ओळख बहुतेकांना जत्रेत होते. फळीवर ओळीने लावलेले फुगे, दोरीने टेबलाला बांधलेली बंदूक, आणि पाच फुगे फोडले तर मिळणारा प्लॅस्टिकचा कंगवा. याच खेळाचे शिस्तबद्ध रूप म्हणजे १० मीटर एअर रायफल. १९८४ पासून हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आहे. मुंबईच्या अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये त्याची अंतिम फेरी गाठली, अभिनव बिंद्रा यांनी २००८ मध्ये बीजिंगला याच प्रकारात भारताचे पहिले वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले, आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे जगज्जेता झाला.

१५. येथे इतिहासाची एक गंमत पाहा. आजच्या स्पर्धेच्या रायफलीत स्प्रिंग नसते. आधी भरून ठेवलेल्या हवेचे नळकांडे असते. म्हणजे तत्त्व जिरार्डोनीचेच. दोनशे वर्षांनी ते परतले, कारण आता उत्तम पोलाद आहे, टिकाऊ रबरी कड्या आहेत, हवा भरायला यंत्रे आहेत. त्या कारागिराची कल्पना चुकीची नव्हती. तिला सांभाळणारे जग अजून तयार व्हायचे होते. मधल्या काळात एअरगन जिवंत ठेवली ती साध्या स्प्रिंगने.

१६. परंतु येथवर मी फक्त कौतुक केले. साधेपणाची दुसरी बाजूही आहे. जी वस्तू कुणालाही बनवता येते, ती कुणाच्याही हातात पडते. भारतात २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार ४.५ मिलिमीटरपर्यंत व्यासाच्या आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. एवढी शक्ती माणसाचा डोळा कायमचा घालवायला पुरेशी आहे. पाखराचा जीव तर त्याहून कितीतरी कमी शक्तीने जातो.

१७. मुंबईत १८९६ मध्ये जन्मलेल्या सलीम अलींची गोष्ट आपण सर्वांनी ऐकलेली असते. दहाएक वर्षांच्या या मुलाने खेळण्यातल्या एअरगनने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथे डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी त्याला पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला आणि एका पक्षिशास्त्रज्ञाचा प्रवास सुरू झाला. ही गोष्ट आपण आनंदाने सांगतो. पण एका सलीम अलींमागे किती मुलांच्या हातची किती पाखरे नुसतीच मेली, त्यांची नोंद कोणत्याही संग्रहालयात नाही.

१८. अरुणाचल प्रदेशात हा प्रश्न इतका तीव्र झाला की मार्च २०२१ मध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावातून एअरगन समर्पणाची मोहीम सुरू करण्यात आली. जंगले मुकी होत चालली होती. शिकारीची परंपरा असलेल्या त्या प्रदेशात लोकांनी दोन हजारांहून अधिक एअरगन स्वेच्छेने जमा केल्या. ज्या हातांनी त्या वर्षानुवर्षे दुरुस्त केल्या असतील, त्याच हातांनी त्या ठेवून दिल्या. त्या मोहिमेविषयी वाचले त्या रात्री मी आजीला स्प्रिंगबद्दल विचारले.

१९. आजीने थोडा वेळ उत्तर दिले नाही. मग सांगितले. आजोबा साखर कारखान्यात फिटर होते. पेरूच्या झाडांवर पोपटांच्या झुंडी येत म्हणून त्यांनी ही बंदूक कुणाकडून तरी जुनी विकत घेतली. पोपट आवाजानेच उडून जात. नेम धरून मारण्याची वेळ येत नसे. माझे बाबा तेव्हा अकरा वर्षांचे होते. एका दुपारी घरी कुणी नसताना त्यांनी बंदूक काढली आणि तारेवर बसलेला होला पाडला. “जोडीतला होता गं,” आजी म्हणाली. “दुसरा तिथंच तारेवर बसून राह्यला. संध्याकाळपर्यंत हलला नाही. तुझा बाप ओसरीत बसून त्याच्याकडं बघत होता. जेवला नाही.”

२०. आजोबा रागावले नाहीत, मारले नाही. रात्री पाळीवरून आले, सगळे ऐकले, बंदूक घेऊन मागच्या पडवीत गेले. दहा-पंधरा मिनिटांत परतले. बंदूक पुन्हा भिंतीवर टांगली, दुसऱ्या दिवशी मुलाला म्हणाले, “आता हवी तेवढी खेळ.” बाबांनी ती पुन्हा कधी हातात घेतली नाही. मी विचारले, “मग स्प्रिंग कुठे गेली?” आजी हसली. “परसदारच्या फाटकाला कोण ढकलतंय मग? रोज जातेस की तिथून.”

२१. मी उठून पाहायला गेले. फाटकाच्या मागे एक लोखंडी कांब आहे, तिच्यावर चढवलेली जाड स्प्रिंग आहे. फाटक उघडले की ती दाबली जाते आणि सोडले की फाटक आपोआप मिटते. शेळ्या आत येऊ नयेत म्हणून केलेली सोय. लहानपणापासून ते फाटक माझ्या टाचेला लागत आले आहे. जगभरच्या हौशी लोकांनी या बंदुकीत केलेल्या शेकडो फेरबदलांविषयी मी महिनाभर वाचत होते. त्यांतला एक आमच्या परसात चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू होता.

२२. साधे यंत्र माणसाला का आवडते, याचे माझे उत्तर त्या रात्री पूर्ण झाले. जे उघडता येते ते सुधारता येते, हे मला ठाऊक होते. जे उघडता येते ते थांबवताही येते, हे आजोबांकडून कळले. मोहरबंद यंत्राशी आपण एवढेच करू शकतो : वापरणे किंवा फेकून देणे. आजोबांना बंदूक फेकायची नव्हती. ती कष्टाच्या पैशांतून घेतलेली होती. त्यांना ती फक्त निरुपद्रवी करायची होती, आणि यंत्राची जाण असल्याने त्यांना ते जमले.

२३. लेथवाल्या काकांनी विचारले होते की नवी स्प्रिंग मागवू का. नळी अजून चांगली आहे, घासून तेलपाणी केले तर बंदूक पुन्हा चालेल. मोह झाला, खोटे कशाला बोलू. एका वस्तूवर इतके वाचल्यावर तिचा आवाज ऐकावासा वाटतो. मी बाबांना विचारले. त्यांनी बंदूक हातात घेतली, नळी मोडली, ती अलगद खाली गेली तशी पुन्हा मिटवली. म्हणाले, “गंज काढ. वायसर नवा घाल हवा तर. बाकी राहू दे.” पंचेचाळीस वर्षांनी त्यांनी ती हातात घेतली होती.

२४. तसेच केले. बंदूक आता स्वच्छ आहे, चामड्याचा नवा वायसर तेलात मुरवून बसवला आहे, आणि तिच्यात स्प्रिंग नाही. इतिहासाच्या वर्गात आम्हाला शिकवतात की वस्तू हेही साधन असते, त्यात काय आहे ते नीट नोंदवा. या वस्तूने मला शिकवले की तिच्यात काय नाही, हेही नोंदवावे लागते. तुमच्याही माळ्यावर असे काही असेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, आणि जे कळेल ते या धाग्याखाली जरूर लिहा. धागा समाप्त.